घरपट्टी आणि धावपट्टी

"जळगावला विमानतळ आहे?" मुंबईत हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर आता पाठ झालंय. आहे हो! आणि आजचा नाही, १९७३ चा आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधला, शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर, नशिराबादच्या बाजूला. तिकडे धुळ्याजवळ गोंदूरलाही धावपट्टी आहे, पण ती वैमानिक व्हायला आलेल्या पोरांची.

गंमत पुढेच आहे. एप्रिल १९९७ मध्ये हा विमानतळ चक्क जळगाव नगरपालिकेकडे आला. म्हणजे जन्माचा दाखला, गटारी, दिवाबत्ती आणि विमानं, सगळं एकाच घरात! आमचे भाऊ (म्हणजे वडील) तेव्हा म्हणायचे, "घरपट्टी भरतो ना आपण? मग त्या धावपट्टीत आपली बी वीतभर जागा आहे."

दहा वर्षांनी, २००७ मध्ये, तो महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेला. मग भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार झाला. जून २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी, म्हणजे जळगावच्याच लेकीने, नूतनीकरणाची कोनशिला बसवली. आता धावपट्टी साधारण सतराशे मीटरची आहे. मोठं जेट नाही, पण सत्तर-बहात्तर आसनांचं पंख्याचं एटीआर आरामात उतरतं.

म्हणजे जागा आहे, इमारत आहे. अडलं ते वेळापत्रकाशी. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेत मुंबईचं विमान सुरू झालं, मग बंद पडलं. २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीने सुरू केलं, तेही थांबलं. २०२४ मध्ये पुन्हा गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी नावं फलकावर लागली.

मधल्या काळात, २०२३ च्या पावसाळ्यात, भाऊंना हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा विमान नव्हतं. कल्याणहून रात्रीची गाडी पकडली, दारापाशी बसून पहाटे जळगाव गाठलं. भाऊ वाचले. पण मनमाड ते चाळीसगाव हा टप्पा त्या रात्री किती लांब झाला होता, ते मलाच ठाऊक.

लहान गावातला विमानतळ ही पुढाऱ्यांची हौस, असं म्हणणारे भेटतात. त्यांचे आईवडील बहुधा जवळ राहत असावेत. आम्हाला काचेची इमारत नको, कॉफीचं दुकान नको. रोज ठरल्या वेळी एक विमान यावं आणि ते पुढच्या वर्षीही यावं, एवढंच.

भाऊ आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. अजून एकदाही विमानात बसलेले नाहीत. घरपट्टी मात्र दरवर्षी मार्चच्या आत भरतात.