झाकलेलं, पण हाताशी

वडील गेले आणि अक्कलकोट रस्त्यावरचा पेट्रोल पंप माझ्या अंगावर पडला. पंपाबरोबर त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूकही आली. शेताच्या राखणीसाठी त्यांनी ती घेतली होती. वारस म्हणून रीतसर अर्ज करून मी ती नावावर करून घेतली. पण रोजची रोकड बँकेत भरायला नेताना दुनळी काय कामाची? एका संध्याकाळी दोन मोटारसायकलवाले पंपापासून थेट सात रस्ता चौकापर्यंत माझ्या गाडीमागे आले. मी वेग वाढवला की ते वाढवायचे, मी थांबले की ते पुढे जाऊन पानटपरीशी रेंगाळायचे. त्या रात्री ठरवलं, हातात मावेल असं शस्त्र घ्यायचं. अंगावर असावं आणि कुणाला दिसू नये. याच्यापुढे मला काही माहीत नव्हतं. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांत फरक काय, हेसुद्धा नाही.

आधी परवाना. सोलापूर शहरात राहणाऱ्याला तो पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात राहणाऱ्याला जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. माझं घर शहरात, त्यामुळे माझा अर्ज आयुक्तालयात गेला. पोलीस घरी आले, शेजाऱ्यांशी बोलले, पंपावरच्या पोरांशी बोलले. धोका नेमका काय, हा प्रश्न त्यांनी फिरवून फिरवून विचारला आणि तो विचारायलाच हवा. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. दुनळी धरून माझी दोन होणार होती. म्हणजे एकदा घेतलेलं चुकलं तर तिसरं घेऊन बघू, असं मला करता येणार नव्हतं.

परवाना कागदाचा वाटतो, पण या गावात त्याला इतिहास आहे. इंग्रजांचा शस्त्र कायदा १८७८चा. १९३०च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मीठ होतं, जमीन महसूल होता, आणि स्वसंरक्षणासाठी लोकनियंत्रणाखाली शस्त्र परवाने द्यावेत हीही एक मागणी होती. त्याच वर्षी मे महिन्यात, कायदेभंगाच्या चळवळीत, सोलापूर पेटलं, मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. गांधीजींचं नाव आणि पिस्तुलाचा परवाना एका वाक्यात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. ‘लोकनियंत्रणाखाली’ ही अट मात्र मला तेव्हापासून फार शहाणपणाची वाटत आली आहे.

परवाना हातात पडला आणि खरा गोंधळ सुरू झाला. ज्याला त्याला मत होतं. मेव्हणे म्हणाले, ‘ताई, नऊ एमएमच घ्या.’ पण आपल्याकडे नऊ मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर आहे, साध्या परवान्यावर मिळतच नाही. साध्या माणसाच्या वाट्याला मुख्यतः पॉइंट बत्तीस आणि पॉइंट बावीस येतात. बरं, बत्तीस म्हणजे एकच बत्तीस असंही नाही. रिव्हॉल्व्हरचं बत्तीसचं काडतूस लांब, बुडाशी ठळक कडा असलेलं; पिस्तुलाचं आखूड, ७.६५ मिलिमीटरचं. नावाला दोन्ही बत्तीसच, पण एकाचं दुसऱ्यात चालत नाही. परदेशी बनावटीची जुनी शस्त्रं हातोहात फिरतात, पण आयात अनेक वर्षं बंद असल्यामुळे त्यांच्या किमती ऐकून मी तो विचारच सोडला. उरल्या मुख्यतः आपल्या आयुध निर्माणी. आता कानपूरचे शस्त्रांचे कारखाने आणि बंगालमधली ईशापूरची रायफल फॅक्टरी एडब्ल्यूईआयएल या सरकारी कंपनीखाली आहेत. २०२१पर्यंत सगळ्या निर्माणी एकाच आयुध निर्माणी मंडळाखाली होत्या.

माझ्या मनात दोन नावं होती, निर्भीक आणि निडर. दोन्ही २०१४मध्ये आली. निर्भीक हे कानपूरचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर. दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर बायकांसाठी म्हणून त्याची मोठी जाहिरात झाली. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन साधारण अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास, आणि दागिन्यांच्या डबीसारखी पेटी. ती पेटी मला तेव्हाही खटकली होती. बाईला शस्त्र विकायचं तर ते दागिना म्हणून का विकायचं? निडर ईशापूरचं, बावीसचं, वजन पाव किलोच्या घरात. कागदावर पाहिलं तर निवड सोपी होती. लपवायचं आहे ना, मग सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत हलकं घ्या.

दुकानात वडिलांचे मित्र बरोबर आले होते, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मी काउंटरवरची सगळ्यांत छोटी वस्तू उचलून पर्समध्ये जाते का ते बघत होते.

‘पर्स काय बघालीस पोरी? आधी हात बघ की.’

‘काका, लपायला पाहिजे ना पण.’

‘लपंल गं. हातात नाही बसलं तर लपवून काय करणार?’

त्यांनी दुकानदाराला रिकामं असल्याची खात्री करायला लावली, मग स्वतः केली, मग मला करायला लावली. तिघांनी एकच गोष्ट तीनदा पाहिली आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मग काकांनी माझ्या हातात ते छोटं रिव्हॉल्व्हर दिलं, भिंतीकडे तोंड करायला सांगितलं आणि चाप ओढायला लावला. मूठ इतकी आखूड की करंगळी खाली हवेत लोंबत होती, अनामिकेलाही अर्धीच जागा. रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा न चढवता ओढला की जड जातो, कारण त्याच एका ओढीत घोडाही उचलला जातो आणि गोळ्यांची चकरीही फिरते. दोन बोटांच्या जोरावर मी तो ओढला तेव्हा नळी डावीकडे सरकलेली मला स्वतःला दिसली. भिंतीवर जिथे बघत होते तिथून ती वीतभर तरी ढळली होती. वर आखूड नळी म्हणजे पुढची आणि मागची माशी जवळजवळ, नेमातली थोडी चूकही लांबवर मोठी होते. आणि शस्त्र हलकं असलं की गोळी सुटताना बसणारा धक्का सगळा हाताला येतो.

मग त्यांनी बत्तीसचं जुन्या घडणीचं, जड रिव्हॉल्व्हर दिलं. तीन इंचांच्या आसपास नळी, वरून मोडून उघडणारं. सगळी बोटं मुठीत बसली. चाप तेवढाच जड, पण नळी हलली नाही. प्रबल नावाचं नवं रिव्हॉल्व्हर २०२३च्या ऑगस्टमध्ये आलं आहे, त्याची चकरी बाजूला उघडते, वजन साधारण सातशे ग्रॅम. तेही माझ्या यादीत होतं. आणि अशनी, बत्तीसचं पिस्तूल.

अशनीपाशी मी बराच वेळ अडकले. रिव्हॉल्व्हर कुठे जाड होतं तर चकरीपाशी. पिस्तूल मात्र चपटं, अंगाला लागून बसतं. लपवण्यात लांबीपेक्षा जाडी जास्त त्रास देते, हे मला तिथे कळलं. नळी कपड्याखाली खाली जाते, दिसत नाही. बाहेरून उठून दिसतो तो मुठीचा कोपरा आणि चकरीचा फुगवटा. त्या हिशेबाने अशनी जिंकायला हवं होतं. पण त्याचा वरचा भाग मागे ओढायला माझ्या मनगटाला जोर पुरेना, आणि एखादं काडतूस फसलं तर काय करायचं हे हातात मुरवायला नेमाने सराव हवा. पंप, शेत, घर सांभाळून तेवढा सराव माझ्याकडून होणार नाही, हे मला माहीत होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. मी रिव्हॉल्व्हर घेतलं, मूठ पूर्ण भरणारं. नाव सांगत नाही, कारण माझा हात तुमचा नाही.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न मी सोपा समजत होते. सगळे पर्स म्हणत होते. २०१६च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक जागी शस्त्र बाळगण्याबद्दल स्वतंत्र नियम आहे: छोटं शस्त्र अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असावं, पूर्ण झाकलेलं असावं आणि बाळगणाऱ्याचा त्याच्यावर पक्का ताबा असावा. हा नियम मी वाचला आणि जिवात जीव आला. मला वाटत होतं, आपण लपवतोय म्हणजे काहीतरी चोरटं करतोय. कायदा तर झाकूनच ठेवा म्हणतो. सदऱ्याच्या वर पट्ट्याला लटकवून लग्नात मिरवणारे जे पाहिलेत, ते नियम मोडतात. लग्नात बार काढणाऱ्याला तर २०१९पासून दोन वर्षांपर्यंतची कैद आहे.

पर्स नियमात बसते. ‘पक्का ताबा’ या दोन शब्दांत मात्र ती बसत नाही, असं माझं मत झालं. पर्स मी काउंटरवर ठेवते, गाडीच्या सीटवर ठेवते, हॉटेलात खुर्चीला अडकवते. आणि हिसकायला येणारा पहिला हात पर्सलाच घालतो. रोकडही त्याची आणि शस्त्रही त्याचं.

म्हणून कंबर. पण पुरुषांना पँट आणि चामड्याचा पट्टा असतो. माझ्या सलवारीला नाडा. नाड्याला अर्ध्या किलोच्या वरचं ओझं लावलं की ते खाली ओढतं आणि चालताना मांडीवर आपटतं. साडीत परकराच्या नाड्याची तीच गत. भाजीवाल्या मावश्या पैसे कनवटीला लावतात ते कापडी बटव्यात आणि ते हलके असतात. शेवटी चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्या एका कारागिराने मला आतून घालायचा रुंद पट्टा करून दिला. कापडी, पण मध्ये जाड चामड्याचा थर, मागे बकलं. होल्स्टर त्याच पट्ट्यावर शिवलं. त्यांना मी दोनच गोष्टी बजावल्या होत्या: चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, आत बोट जाता कामा नये, आणि शस्त्र काढल्यावरही तोंड उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे परत ठेवताना दुसऱ्या हाताने फाकवावं लागू नये. त्यांनी लाकडाचा ठोकळा कापून त्यावर ओलं चामडं बसवलं, वाळवलं, मग शिवलं. कुडते मी एक माप सैल शिवून घेतले आणि गडद, छापाचे निवडले. एकरंगी पातळ कापडावर फुगवटा लगेच दिसतो.

एप्रिल-मे आला तेव्हा सोलापूरने आपला हिसका दाखवला. पारा त्रेचाळीसच्या वर, अंगावर जाकीट घालणं शक्यच नाही आणि सुती कुडता दुपारपर्यंत पाठीला चिकटतो. घाम चामड्यातून आत जातो. घामातलं मीठ पोलादाला खातं. रात्री कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात दिल्याशिवाय मी ते कपाटात ठेवत नाही. ठेवताना काडतुसं वेगळी, वेगळ्या कुलपात. घरात भाचरं येतात, आणि पोरांना उंची आणि कुलूप यांपैकी फक्त कुलूप अडवतं.

रोज बाळगायचं नाही, हेही मला परवान्यानेच शिकवलं. विशेष परवानगीशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, मोठ्या जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र न्यायचं नाही, अशी त्यावर अटच आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीत मी जाते, तेव्हा पट्टा घरी राहतो. भरणा ज्या दिवशी न्यायचा, त्या दिवशीच तो कमरेला येतो. पंपावरच्या पोरांपैकी फक्त मॅनेजरला ते माहीत आहे.

त्यानंतर निवडणूक आली. आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांना शस्त्रं जमा करायच्या नोटिसा निघतात. कुणाची जमा करायची ते छाननी समिती ठरवते. मलाही नोटीस आली. मी दुनळी आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही पोलीस ठाण्यात जमा केली, पावती घेतली. तेवढे दिवस रोकड कशी न्यायची म्हणून मॅनेजर आणि मी बसून नवी पद्धत ठरवली: रोज वेगळी वेळ, वेगळा रस्ता, गाडीत दोघं, आणि रक्कम साठू न देता दिवसातून दोनदा भरणा. निकालानंतर शस्त्रं परत मिळाली. भरण्याची नवी पद्धत आम्ही बदललेली नाही, आणि पट्टा आता आठवड्यातून एखादाच दिवस बाहेर निघतो.