न दुखलेला दात

दात दुखू लागला म्हणजे दंतवैद्य आठवतो; तो दुखू नये म्हणून झटणारी डेंटल हायजीनिस्ट कुणास आठवत नाही. वास्तविक १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने कीटण काढणे, दात स्वच्छ करणे, दंतनिगा शिकविणे हे तिचे काम म्हणून सांगितले. स्वतंत्र नोंदवहीही दिली. तरी येथे चेन्नईत रोगी तिला ‘सिस्टर’ म्हणतात आणि ती चार गोष्टी सांगू लागताच ‘डॉक्टर केव्हा येणार?’ असे विचारतात. एक जण आम्हांस म्हणाली, “न दुखलेल्या दाताचे श्रेय कुणाच्या नावावर जमा व्हायचे?” आम्हां कारकुनांस हे दुःख परके नाही; मसुदा आमचा, सही साहेबांची. परंतु बिघडलेला मसुदा पुन्हा लिहिता येतो. खचलेली हिरडी आपोआप पूर्ववत होत नाही. तेव्हा मान कुणाचा मोठा, हे वाचकांनीच ठरवावे.