खणाचा लाल काठ आणि गूगलचा हिरवा आकडा

संपादकांनी विषय दिला, वेबसाइटसाठी फोटो लहान करण्याचा, आणि वर बजावलं की तांत्रिक काही नको. मी धाराशिवात वेबसाइट करून पोट भरते. या कामातून तांत्रिक वजा केलं तर गिऱ्हाइकाशी वाद तेवढे उरतात. तेव्हा वादाकडूनच येते.

आपल्याकडे हा विषय पोहोचला तो भरतीच्या अर्जांमुळे. आयबीपीएसच्या बँक परीक्षेला फोटो २० ते ५० केबीचा लागतो, सही १० ते २० केबीची. झेरॉक्सच्या दुकानात पोरं उभी असतात, "तेवढी केबी कमी करून द्या की." नेटवरून उतरवलेला फोटो वेबपी या गूगलच्या जातीचा निघाला आणि अर्जाने नाकारला, की फाइलच्या नावातलं शेवटचं 'वेबपी' खोडून 'जेपीजी' लिहायचं, हा उपाय तर शिकलेली माणसंही सांगतात. खव्याच्या डब्यावर कुंथलगिरी लिहिलं म्हणून आतला खवा तिथला होत नाही. फाइल कोणत्या जातीची, हे तिच्या पहिल्या काही बाइटांतच नोंदलेलं असतं. नाव बदलून ते पुसलं जात नाही.

खरं तर निम्म्याहून जास्त काम जात बदलण्याआधीच होतं. फोनचा फोटो ४००० बाय ३००० म्हणजे १ कोटी २० लाख बिंदूंचा. वेबसाइटवर तो १००० बाय ७५० चा पुरतो. बिंदू थेट सोळाव्या हिश्शावर येतात. जेपेगची, म्हणजे जेपीजी फाइलची, वेबपी केल्याने फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते, असा खुद्द गूगलचा दावा. सोळा पटींपुढे ही बचत किती? पण लोकांना मोजमाप बदलायचं नसतं, नवं नाव हवं असतं.

जेपेगच्या पोटातलं गणित आपल्या माणसाचं आहे. १९४० साली बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. एका परीक्षकाला कल्पना फारच साधी वाटली, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध छापून आला. चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातली चढउतार लहानमोठ्या लाटांमध्ये मांडायची, आणि डोळ्याला जाणवत नाहीत त्या बारीक लाटा सोडून द्यायच्या. १९९२ चं जेपेग यावरच उभं आहे. हे पोरांना सांगितलं की ती विचारतात, यावर परीक्षेत प्रश्न येतो का.

आता माझं दुखणं. तुळजापुरात ओटीचं साहित्य विकणारे एक काका आहेत. परड्या, पोत, कवड्यांच्या माळा, हळदकुंकू, खण. नवरात्रापासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत गावात पाय ठेवायला जागा नसते आणि फोनचं नेटवर्क रांगतं, म्हणून त्यांना साइट हलकी हवी होती. रास्त मागणी. त्यांच्या भाच्याने कुठल्याशा फुकट साधनातून सगळे फोटो वेबपी करून टाकले. हिरव्या खणाचा लाल काठ फिसकटला.

का, ते सांगते. संपादक कापतील तर कापोत. रंगीत फोटो साठवताना उजेड वेगळा ठेवतात आणि रंग वेगळा. डोळा उजेडातला बारकावा टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून दोन बाय दोन बिंदूंना उजेडाचे आकडे चार, पण रंगाची जोडी एकच ठेवायची सोय आहे. जेपेगमध्ये ही सोय बंद करता येते. तपशील गाळणाऱ्या वेबपीत येत नाही. गूगलने २०१० मध्ये वेबपी आणली ती व्हीपी८ या व्हिडिओच्या तंत्रातून, आणि हलत्या चित्रात ही काटकसर खपून जाते. पण लाल आणि हिरवा शेजारी असून उजेड सारखाच असेल, तर कडेची सगळी माहिती रंगातच असते, आणि नेमकी तीच छाटली जाते. कोणी म्हणेल, फोनचा मूळ फोटोही बहुधा असाच रंग छाटलेला असतो. असतो. पण तो चौथाई रुंदीवर आणला की उरलेल्या रंगाचे बिंदू पुरून उरतात. मग ते परत का छाटायचे? वेबपी बनवताना 'शार्प वाययूव्ही' नावाचा पर्याय लावला तर कड थोडी सावरते. कणही न गाळणारी वेबपीही आहे, पण फोटोला ती फार जड पडते.

काकांना हे पटलं, भाच्याला नाही. त्याने गूगलच्या वेगमापकाचा आकडा दाखवला: ९० च्या पुढे हिरवा, त्याखाली ५० पर्यंत नारिंगी. "ताई, तोच म्हणतोय नवीन फॉरमॅट वापरा." ती सूचना आकड्यात धरलीच जात नाही. आकडा येतो पान किती वेळात दिसलं, हलतं का, अडतं का यावरून. इतक्यांदा सांगून झालंय की आता माझाच आवाज मला कंटाळवाणा वाटतो.

कधी वाटतं, मी पडद्यावर फोटो चौपट करून भांडते आणि गिऱ्हाईक रांगेत उभं राहून हातभर लांबून बघतं. त्याला तो काठ दिसत असेल का? पण खण घेणारी बाई काठच बघते, हेही मला ठाऊक आहे.

सध्या खण पूर्ण रंगाच्या जेपेगमध्ये आहेत आणि बाकी माल वेबपीत. पांढऱ्या कवड्यांचं काही बिघडत नाही. आकडा अजून नारिंगीच, कारण पहिल्या पानावर पान उघडताच आपोआप सुरू होणारा दसऱ्याचा व्हिडिओ आहे. तो काढायला काका तयार नाहीत.