स्क्रिप्टच्या माथ्यावर

माजिवडा, ठाणे (प.)

चि. मिहिर,


सर्व्हर बसवायची तुझी स्क्रिप्ट वाचली. महापेला रुजू झाल्या झाल्या हे काम तुझ्याकडे आलं, याचं कौतुक ताईकडे करून झालंय. आता कामाचं.

सगळी व्हेरिएबल फाइलच्या माथ्यावर एकत्र घेतलीस, हे उत्तम. रेड हॅटचं किकस्टार्ट काय, डेबियनचं प्रीसीड काय, इन्स्टॉलर जे विचारणार त्याची उत्तरं आधीच लिहून ठेवतात. मध्यरात्री कीबोर्डपाशी कोणी बसायला नको. पण टाइमझोन कशाला त्या यादीत? १९५५ पर्यंत मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. तेव्हा शोभलं असतं. तुमचे सगळे सर्व्हर आज कोलकात्याच्याच नावाच्या झोनवर आहेत. जे बदलतच नाही ते वर ठेवलं, की वाचणाऱ्याला वाटतं इथे आपण काही ठरवायचंय.

खरी काळजी डेटा डिरेक्टरीची. जुनं साफ करणारी तुझी ओळ त्या व्हेरिएबलपुढे स्लॅश लावून सगळं पुसते. व्हेरिएबल रिकामं आलं तर? २०१५च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या प्रोग्रामने हेच केलं. प्रोग्राम कुठे आहे तो पत्ता स्क्रिप्ट स्वतः शोधायची. एकाने फोल्डर दुसरीकडे हलवलं होतं, तिथे पत्ता रिकामा आला, उरला नुसता स्लॅश. त्याच्या फायली गेल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्यासुद्धा. लिहिणाऱ्याने त्या ओळीवर ‘भीतिदायक’ अशा अर्थाची टिप्पणीही टाकली होती. भीती वाटली, पण बंदोबस्त केला नाही!

तू वर ‘सेट -यू’ लिहून निर्धास्त झालायस. ते फक्त न दिलेलं व्हेरिएबल पकडतं. दिलेलं पण रिकामं असेल तर सोडून देतं, आणि स्टीमचं नेमकं तसंच होतं. महिरपी कंसात नावापुढे अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह टाक. मग दोन्ही वेळा स्क्रिप्ट तिथेच थांबते. आयपी आणि सर्व्हरच्या नावालाही तेच कर. त्यांना ठरावीक मूल्य देऊन ठेवलंस, ते मला अजिबात पटलं नाही. कोणी बदलायला विसरला की एकाच आयपीची दोन मशीनं उभी राहतील आणि चूक दिसेल भलतीकडेच.

पासवर्ड मात्र माथ्यावर नको, पायथ्यालाही नको. फाइल गिटमध्ये गेली की नंतर ओळ खोडूनही तो इतिहासात राहतो. आत्ता आहे तो आजच बदलून घे.

रविवारी जेवायला ये, माजिवड्याच्या जंक्शनला अडकशील तो वेळ धरून नीघ. त्याआधी एखाद्या टाकाऊ व्हर्च्युअल मशीनवर सगळी मूल्यं रिकामी ठेवून स्क्रिप्ट चालव. एकही कमांड चालण्याआधी ती थांबली नाही, तर खऱ्या सर्व्हरला लावू नकोस.

तुझी,
मावशी