निकितिनचा घोडा आणि आईच्या दशम्या

'बाहेरील खाद्यपदार्थ : ५०० रुपये.' बिलातली ही एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. खोलीचं भाडं ठीक, जेवणाचे पैसे ठीक, आंघोळीच्या गरम पाण्याचे वेगळे पैसे लावले तेही एक वेळ ठीक. पण दशम्या आमच्या, ज्वारी आमच्या रानातली, त्या पहाटे तीनला उठून भाजल्या आईनं, आणि पाचशे रुपये त्यांना?

आम्ही भालकीचे, बिदर जिल्हा. घरात मराठी, बाजारात कन्नड, बिदरला गेलं की दखनी. आईचं माहेर उदगीरकडचं. १९५६ साली हैदराबाद राज्यातला आमचा जिल्हा फोडला, तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण इकडे राहिले. तिचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्यात. आमच्याकडे हे घरोघरी आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी इथल्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवतो. आईनं समुद्र पाहिला नव्हता. दिवाळीची सुट्टी होती, गाडी होती. निघालो.

गोव्याला किंवा गोकर्णाला न जाता रेवदंडा का, असं बायकोनंही विचारलं. कारण निकितिन. अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४७० च्या आगेमागे तो होर्मुझहून जहाजानं रेवदंड्याला लागून असलेल्या चौलला उतरला, सोबत विकायला एक घोडा. दख्खनेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे, ते समुद्रामार्गे यायचे आणि सुलतानाच्या फौजेत सोन्याच्या भावानं खपायचे. चौलहून पाली, पुढे जुन्नर, आणि मग आमचं बिदर. बहमनी राज्याची ती राजधानी, आणि कारभारी महमूद गवान, ज्याच्या मदरशाचा एक मनोरा आणि निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. निकितिननं बिदरच्या उमरावांचा थाट लिहिला, सुलतानाची हत्तीघोड्यांची मिरवणूक लिहिली, आणि खेड्यातला माणूस मात्र फार गरीब आहे हेही लिहिलं. दरवर्षी वर्गात हे सांगताना वाटायचं, त्याची वाट एकदा उलटी चालावी. भालकी, लातूर, बार्शी, टेंभुर्णी, पुणे, खोपोली, पेण, अलिबाग. जुन्नर वाटेवर येत नाही, ते सोडलं.

रेवदंड्यात उतरलो ते घर जुनं होतं हे खरं. रेवदंड्याचा कोट म्हणजे पोर्तुगिजांनी तटबंदी घालून वसवलेलं अख्खं गाव; आता त्या तटाच्या आत माडपोफळीच्या वाड्या आहेत, घरं आहेत, विहिरी आहेत. अशाच एका वाडीतलं दीडेकशे वर्षांचं घर पाहुण्यांसाठी काढलेलं. लाकडी खांब, ऐसपैस पडवी, झोपाळा, माजघरात दिवसाही अंधार. 'समुद्र दिसतो' असं सांगितलं होतं. माडीवरच्या खिडकीतून मान वाकडी केली की दिसत होता. गाडीचा नंबर केए-३८. तो पाहून व्यवस्थापकाने विचारलं, "कर्नाटकचे का? मराठी छान बोलता हो." हे वाक्य आम्हाला सोलापूरच्या पुढे कुठेही ऐकायला मिळतं, त्याचं आता काही वाटत नाही. वर पाहिलं तर घरावरची कौलं मंगळुरी. ती कर्नाटकातून आली, बसली, गेली शंभर वर्षं कोकणातला पाऊस झेलताहेत. त्यांना कुणी काही विचारलेलं दिसलं नाही.

मग डबा. स्टीलचा चार पुडाचा डबा. एका पुडात दशम्या, दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी, तिसऱ्यात धपाटे, चौथ्यात तुपाची वाटी आणि गूळ. पोचलो तो दिवस गुरुवार. आई गाणगापूरच्या दत्ताची. गुरुवारी ती दुसऱ्याच्या हातचं खात नाही, आणि मासळी शिजते त्या चुलीवरचं तर कोणत्याच वारी नाही. स्वयंपाकघरातून सुकटीचा वास येत होता. म्हणून डबा. व्यवस्थापकाने तो आमच्या हातात पाहिला आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही. मी गुरुवारचं सांगितलं, आईचं वय सांगितलं, हे हॉटेलातलं पार्सल नाही, घरचं आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, खोलीत मुंग्या होतात. मी म्हटलं, पडवीत खाऊ. तो म्हणाला, माकडं येतात. मी म्हटलं, गाडीत बसून खाईल ती. तो म्हणाला, गाडी आवारातच आहे ना. यावर काय बोलणार? नियम सगळ्यांना सारखा, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका, असं तो इतक्या गोड आवाजात सांगत होता की भांडताही येईना. डबा स्वयंपाकघरात राहील, निघताना मिळेल. आणि आईनं माझ्याकडे न बघताच तो त्याच्या हातात दिला.

माझा तोल तिथंच गेला. त्याला काही बोललो नाही, पण रात्रभर मनात भांडत होतो. पाटी आधी का नाही दाखवली? पैसे भरून घेताना सगळं कळवता, हेच नेमकं राहतं? बरं, मुंग्यांची एवढी काळजी, तर झोपाळ्यावर सायंकाळी मुंबईच्या एका मंडळींनी केक कापला, त्याला मुंग्या लागत नाहीत? केक तर बाहेरून आला होता. मी जाऊन विचारलंसुद्धा. तो म्हणाला, त्यांनी आधी परवानगी घेतली होती.

निकितिनचंही हेच झालं होतं. जुन्नरला तिथल्या असदखानानं त्याचा घोडा ठेवून घेतला. हा मुसलमान नाही हे कळल्यावर अट घातली : धर्म बदल, घोडाही मिळेल आणि वर हजार मोहरा. मुदत चार दिवसांची. मधे एका खुरासानी माणसानं रदबदली केली म्हणून घोडा परत मिळाला, आणि पुढे बिदरला विकला गेला. घोडा आणि डबा यांची तुलना बायकोला पटली नाही. ती म्हणाली, त्याला धर्म बदलायला सांगितलं होतं, तुम्हाला फक्त पुलाव खायला सांगितलं. बरोबर आहे तिचं. पण आई त्या संध्याकाळी दोन केळ्यांवर होती, हेही आहेच.

रात्री नऊच्या सुमारास मागच्या दारावर टकटक झाली. स्वयंपाकाच्या मावशी, पदराखाली डबा. "खा हो आजी. मी आतून कडी घालते." आईनं उघडून पाहिला. मोजल्या. ती प्रत्येक गोष्ट मोजून ठेवते. दशम्या दोन कमी. मावशी शरमल्या, म्हणाल्या, "साहेबांनी चव बघितली. दुपारी एक, मगाशी एक." आता मला सांगा, यात कुठला नियम? पाटी त्याला लागू नाही? मी उठलोच होतो खाली जायला. आईनं हात धरून बसवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती खूश होती! "आवडल्या वाटतं त्याला. दुधात मळलेल्या हायत, मऊ राहतात." मग मावशींना दोन दिल्या, चटणी दिली, आणि दोघी कितीतरी वेळ आमसुलं कशी वाळवतात यावर बोलत बसल्या. मी एकटाच चिडलेला. डबा आईला परत मिळाला हे व्यवस्थापकाला सकाळी कळलं असावं, कारण बिलात ती पाचशेची ओळ आली. 'दोन दशम्या खाल्ल्या' याची वजावट कुठे नव्हती.

असो. बघण्यासारखं तिथं पुष्कळ आहे, आणि लोक काशीदच्या वाळूकडे धावतात म्हणून ते राहून जातं. काशीदला जा, पण पाण्यात खोल उतरू नका. ओढ जबर आहे, दरवर्षी बातम्या येतात. त्यापेक्षा रेवदंड्यात भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या आणि ओहोटीला तटाच्या समुद्राकडच्या बाजूनं चाला. वाळू काळसर, वर सुरूची झाडं, बाजूला पडका तट. आत सातखणी मनोरा म्हणतात तो उभा आहे, जुन्या पोर्तुगीज चर्चचा. आता सातही खण राहिलेले नाहीत. ज्यूंचं सिनेगॉग आहे. आणि एका शाळेच्या आवारात निकितिनचा काळा स्मृतिस्तंभ. मी तिथं जरा जास्तच वेळ उभा होतो. शाळेला सुट्टी होती, पोरं क्रिकेट खेळत होती, स्तंभ त्यांचा यष्टिरक्षक. एकाला विचारलं, हा कोण? तो म्हणाला, "रशियाचा आहे. 'परदेशी' पिक्चर आहे ना त्याच्यावर, आमच्या सरांनी सांगितलं." १९५७ चा ख्वाजा अहमद अब्बास यांचा तो चित्रपट, नर्गिसचा. बिदरमध्ये माझ्या वर्गात हे कुणी सांगू शकलं नसतं. पोरानं मग मला विचारलं, तुम्ही कुठले? बिदर, म्हटलं. "म्हणजे कुठं?" अहो, ज्याच्यासाठी हा माणूस तुमच्या किनाऱ्यावर उतरला ते! पण त्याचा बॉल आला होता.

चौल अगदी लागून आहे. रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड आहे. पाऊस लांबला की ते उघडायचे, अशी परंपरा. आईनं ते ऐकून हात जोडले आणि आमच्या औरादकडं असं एखादं हवं होतं म्हणाली. दत्ताच्या डोंगराला शेकडो पायऱ्या. मी गाडीजवळ थांबा म्हणत होतो; ती चढली, वाटेत दोनदा बसली, वर जाऊन गाणगापूरच्या पादुकांची आठवण काढून रडली. समुद्र तिनं वरूनच नीट पाहिला. खाली किनाऱ्यावर नेलं तेव्हा पायाखालची वाळू सरकते म्हणून तिला आवडला नव्हता.

खाडीपल्याड कोर्लई. १५९४ साली अहमदनगरच्या निजामशाहीकडून पोर्तुगिजांनी जिंकलेला किल्ला, एका बाजूला कुंडलिकेची खाडी, दुसरीकडे समुद्र. दीपगृहाच्या बाजूनं वर चढता येतं. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल मराठ्यांना देऊन गेले, पण पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती कोळी अजून त्यांच्या पोर्तुगिजातून घडलेल्या बोलीत घरी बोलतात. आपसात ती, आमच्याशी मराठी. एका बाईंकडून आम्ही चहा घेतला. गाडीचा नंबर त्यांनाही दिसत होता. त्यांनी एवढंच विचारलं, "साखर किती?" मला तिथं फार बरं वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की आपण या एका प्रश्नावर खूश होतोय म्हणजे ते 'मराठी छान बोलता' लागलेलं आहेच कुठेतरी. मघाशी काही वाटत नाही असं लिहिलंय. लिहिलंय ते राहू द्या.

जंजिरा राहिला. शिडाच्या होडीत बसायला आईनं साफ नकार दिला.

एवढं सगळं झाल्यावर त्या घराचं नाव कुणी विचारलं की मी सांगत नाही, आणि अशा जुन्या घरांच्या भानगडीत पडू नका, साधा लॉज बघा, असा सल्ला देतो. आईचं वेगळंच चाललंय. चौलच्या दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला भरते असं मावशींनी तिला सांगितलं आहे. तिला यात्रेला जायचं आहे आणि उतरायचं त्याच घरात. पडवी चांगली आहे, मावशी चांगल्या आहेत. मी फोन करून विचारलं. यात्रेच्या दिवसांत भाडं दुप्पट, म्हणाले, आणि आगाऊ भरावं लागेल. आईला अजून सांगितलेलं नाही.