अण्णांची दुर्बीण

टिकाऊ म्हणून मी आयुष्यात पुष्कळ वस्तू घेतल्या. त्यांतली छत्री पहिल्या वळिवात उलटी झाली, चामड्याची बॅग उंदरांना आवडली आणि आजन्म चालेल असं सांगून दिलेलं घड्याळ स्वतःचाच जन्म धरून बोलत होतं हे मागाहून कळलं. तेव्हा रायफलीवर बसवायची टिकाऊ दुर्बीण शोधण्याचं काम थोरल्या बंधूंनी माझ्यावरच का सोपवावं, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही. मी अंबाजोगाईत तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं. नेम म्हणजे एकादशीचा, एवढाच मला ठाऊक.

पण अण्णांचा हुकूम. आमचे अण्णा बहात्तर वर्षांचे. बालाघाटाच्या कडेला आमचं वडिलोपार्जित रान आहे, ते तेच पाहतात. मी फक्त हुरड्याला जातो. रानात रानडुकरं येतात. डुक्कर नुसतं खात नाही हो, खातं थोडं आणि लोळतं फार. एका रात्रीत भुईमुगाचं वावर नांगरून ठेवतं, आणि तेही फुकट. रोही येतात, हरणं येतात, आणि रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला अण्णा जातात, म्हणजे सगळी मंडळी एकाच वेळी वावरात.

अण्णांकडे वडिलांच्या वेळची, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली .315 ची रायफल आहे. परवाना रीतसर, वेळच्या वेळी नूतनीकरण केलेला. हे मुद्दाम सांगतो, कारण बीड जिल्हा आणि बंदूक हे दोन शब्द शेजारी आले की हल्ली लोक खुर्ची मागे सरकवतात. 2025 साली प्रशासनाने परवान्यांची छाननी करून बरेच रद्द केले, त्यातूनही अण्णांचा सुटला. दर निवडणुकीला ही रायफल पोलीस ठाण्यात जमा होते. 2024 साली लोकसभा आणि विधानसभा, अशी दोन वेळा माहेरपण करून आली. आचारसंहिता डुकरांना लागू नसते.

खरं सांगायचं तर या रायफलीने अण्णांनी कधी काही मारलेलं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय मारताही येत नाही. 2015 साली शासनाने पिकांची नासाडी करणाऱ्या डुकरांसाठी आणि रोह्यांसाठी परवानगीची वाट काढून दिली. अण्णांनी तसा अर्जही केला होता. पण प्रत्यक्षात अण्णांचं हत्यार म्हणजे तेलाचा रिकामा डबा आणि टिकुरं. रायफल खांद्यावर, डबा हातात. डुकरं पळतात ती डब्याला.

मग दुर्बीण कशाला? मी विचारलं.

"दिसंना गेलंय नीट," अण्णा म्हणाले. "रायफल जुनी झालीय."

रायफल जुनी झाली म्हणजे दिसेनासं कसं होतं, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलं नाही. पुतण्याला पुण्याला फोन केला. त्याने चोवीसपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीचा फोटो पाठवला. तोफेइतकी लांब होती. मीच पुण्याला गेलो. दुकानदार भला माणूस निघाला. "काका, शेतात वापरायची ना? मग चोवीसपट विसरा. तुमच्या छातीचे ठोकेसुद्धा त्यात धरणीकंपासारखे दिसतील, आणि डुक्कर सापडेपर्यंत पीक निघालेलं असेल. चारपट घ्या. कमी-जास्त करायची चकती नाही, म्हणजे बिघडायला तेवढी एक गोष्ट कमी."

पुढे तासभर त्याने माझी शाळा घेतली. नळीत नायट्रोजन भरलेला हवा, म्हणजे पहाटेच्या दहिवरात आतून वाफ धरत नाही. डोळा आणि काच यांत तीन-साडेतीन इंच अंतर हवं. जवळ गेलात तर धक्क्याने काचेची कड भुवईवर चंद्रकोर काढते. पुढची काच बत्तीस मिलिमीटरची, तिला चारने भागा, आठ आले. एवढ्या रुंदीचा उजेड डोळ्यापर्यंत पोचतो. "तरुण माणसाची बाहुली अंधारात सातेक मिलिमीटर उघडते, म्हणजे पुरून उरलं. वय झालं की तेवढी उघडत नाही. कुणासाठी म्हणालात?"

"रायफलीसाठी," मी म्हणालो.

पण त्याचं खरं कीर्तन रंगलं ते दुर्बिणीवर नव्हे, तिच्या बैठकीवर. लोक दुर्बिणीवर पैसे घालतात आणि तिला धरून ठेवणाऱ्या कड्यांवर कंजुषी करतात. चष्म्याची काच जर्मन असली आणि काडीचा स्क्रू ढिला असला तर माणूस जन्मभर नाकाला हात लावून बसतो, तसंच हे. बैठक केसभर हलली की पुढे शंभर यार्डांवर गोळी वीतभर बाजूला. कडी पोलादी घ्या, स्क्रू आलटूनपालटून आवळा, एकच आवळून मोकळे होऊ नका. हे शेवटचं मला जीपचं चाक बदलताना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता बसवायची कुठे? या जुन्या रायफलीत काडतुसं वरून भरतात, दुर्बीण बरोबर डोक्यावर आली की भरायची वाट बंद. म्हणजे बाजूने पट्टी हवी, पट्टीला भोकं हवीत. गावात आमच्या ओळखीचा एक लेथवाला आहे. तो म्हणाला, "द्या की काका, चहा होईस्तोवर पाडतो." रायफलीला असं कुणीही भोक पाडायचं नसतं, त्याला परवानाधारक कारागीर लागतो आणि भलत्याने हात लावला तर दोघंही आत, असं समजावल्यावर त्याने चहा मात्र पाजला. शेवटी परजिल्ह्यातल्या एका परवानाधारक कारागिराकडून ते काम झालं. नेमही त्यानेच जुळवून दिला. चकतीची एक टिचकी म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. अण्णांना हे फार आवडलं. पाव इंचाच्या गोष्टी आमच्या रानात प्रथमच चालल्या होत्या. बांधाचा वाद सोडून.

टिकाऊपणाची परीक्षा लगेच सुरू झाली. रायफल लिंबाच्या बुंध्याला टेकवली, ती घसरून दगडावर पडली. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आडवी घेऊन अण्णा बसले, तेव्हा ट्रॅक्टरसकट सगळ्या नटबोल्टांचा खुळखुळा झाला. गोठ्यात खुंटीला लावली तर वासराने काच चाटली. मग वहिनींनी नातवाचं जुनं टोपडं शिवून दुर्बिणीवर चढवलं. पूर्वी आमच्या गावाला मोमिनाबाद म्हणत आणि इथे घोडदळाची छावणी होती. त्या छावणीने टोपडं घातलेली रायफल पाहिली नसेल. एवढं होऊनही दुर्बीण हलली नाही. आमच्या गावात दासोपंतांनी ओव्या लिहिलेली पासोडी चारशे वर्षं टिकून आहे. त्यानंतर टिकलेली वस्तू मी आणलेली ही दुसरी, असं मी चारचौघांत सांगू लागलो.

मग ती पहाट आली. हरभरा घाट्यांवर आला होता. मी मुद्दाम मुक्कामाला गेलो होतो, आपली खरेदी कशी चालते ते पाहायला. फटफटीत झालं नव्हतं. अण्णा एकदम थांबले. हरभऱ्याच्या कडेला, बोरीखाली, काळं काहीतरी बसलं होतं. हललं.

"डुक्कर," अण्णा कुजबुजले. "एकुलगा हाय."

मला नुसत्या डोळ्यांनी ते गाठोड्यासारखं दिसत होतं. अण्णांनी टोपडं काढलं, दस्ता खांद्याला लावला, डोळा काचेपासून बरोबर तीन इंच. माझी सूचना ते पाळत होते याचं मला भलतं कौतुक वाटलं.

"दिसूलालंय का?" मी विचारलं.

अण्णा बोलले नाहीत. रायफल सावकाश खाली आली.

"तात्या हाय," ते म्हणाले. "टमरेल घेऊन बसलाय."

मला हसू फुटलं. तात्या म्हणजे शेजारच्या रानातले, आमच्या घरी दररोज दोन वेळा चहा घेणारे. पुढे बरेच दिवस पुरेल असा किस्सा हातात आला म्हणून मी खूश झालो. तेवढ्यात माझं लक्ष अण्णांच्या हातांकडे गेलं. ते थरथरत होते.

"गोळी नव्हती ना?" मी विचारलं. आदल्या रात्री त्यांनी मला तसं सांगितलं होतं.

अण्णांनी बोल्ट मागे ओढला. पिवळंधमक काडतूस उडून माझ्या पायाशी पडलं.

आम्ही दोघे बांधावर बसलो. तात्या उठले, लांबून आम्हाला हात केला, निघून गेले. माझ्या डोक्यात दुकानदाराचा तासभराचा पाठ फिरत होता. नायट्रोजन, पोलाद, टिचकी, सगळं त्याने सांगितलं आणि सगळं मी वहीत उतरवून घेतलं. पण बंदुकीवरच्या दुर्बिणीतून एखाद्याला नुसतं बघायचं तरी आधी त्याच्यावर बंदूक रोखावी लागते, ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. अण्णांना कुणावर रोखायचं नव्हतंच. त्यांना फक्त दिसायला हवं होतं.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"दोन पावसाळे."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगून काय? म्हणशीला, रान वाट्याने लाव."

ते अगदी खरं होतं. मी तसंच म्हणालो असतो.

त्याच दिवशी अण्णांना इथल्या मेडिकल कॉलेजात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पार पिकलेला. दुर्बीण त्या कारागिराकडून उतरवून घेतली. स्क्रू इतके घट्ट बसले होते की त्याला घाम फुटला. तो म्हणाला, अशी पक्की बैठक क्वचित पाहायला मिळते. मला काय बोलावं ते कळेना. रानासाठी आता हातात धरायची साधी दुर्बीण घेतली आहे, दोन्ही डोळ्यांची. तीही मीच निवडली, तेव्हा तिच्या आयुष्याबद्दल मी काही बोलत नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी काळा चष्मा लावून अण्णा ओसरीवर बसले होते. तात्या नेहमीप्रमाणे आले, चहाची बशी तोंडाला लावून डुकरांच्या नावाने बोटं मोडत बसले. अण्णांनी त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"तात्या," ते म्हणाले, "तू संडास बांध बाबा. पैसे मी देतो."

तात्या गेल्यावर वहिनी मला आत बोलावून म्हणाल्या, "भावजी, डोळ्याच्या ऑपरेशनचा डोक्यावर परिणाम होतो का हो?"