गाडीचा दम

आमची चौदा वर्षांची गाडी चढावर दम टाकू लागली, निळसर धूर सोडू लागली. मेकॅनिकने कॉम्प्रेशन तपासलं. तीन सिलिंडर ठीक, चौथ्यात दाब निम्मा. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून त्याने पुन्हा मोजलं. दाब वाढला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. वाढला नसता, तर संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर गेला असता.

रिंगांसाठी अख्खं इंजिन उघडायचं. खर्च गाडीच्या किमतीएवढा, शिवाय पंधरा वर्षं भरली की नोंदणीचं नूतनीकरण आहेच.

मामंजींनी हौसेने घेतलेली गाडी. सासूबाईंना कसं सांगायचं? त्याच म्हणाल्या, “त्यांनी वापरली, आपण वापरली. आता पुरे. वस्तूचा मोह किती धरायचा?”

सुट्या भागांसाठी ती गॅरेजवाल्यालाच दिली.